प्लग-इन हायब्रिड एसयूव्हीचा वैताग आलाय? आधी या चुका टाळा

साताऱ्यात प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत प्लग लावून चार्ज करायची बॅटरी असलेल्या, एसयूव्ही अजून तुरळकच दिसतात, पण ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या तक्रारी साधारण सारख्या असतात. "कंपनीनं सांगितलेलं मायलेज पडत नाही." "रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी बघतो तर बॅटरी तशीच." "इलेक्ट्रिकवर टाकली तरी इंजिन आपोआप सुरू होतं." मी चार्जिंग पॉइंट बसवण्याचं काम करतो, त्यामुळे हे नेहमी कानावर येतं. एवढे पैसे मोजून माणूस वैतागणारच. पण यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ घरच्या वायरिंगमध्ये, घाटात गाडी चालवायच्या सवयीत किंवा खरेदीच्या वेळी झालेल्या गैरसमजात सापडतं.

"हायब्रिड आहे, म्हणजे आपोआप चार्ज होईल"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हायरायडर, ग्रँड व्हिटारा किंवा इनोव्हा हायक्रॉसच्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांना प्लग नसतो, त्यांची छोटी बॅटरी गाडी चालता चालताच भरते. बीएमडब्ल्यू एक्सएम किंवा जुन्या गाड्यांच्या बाजारात मिळणारी व्होल्वो एक्ससी९० टी८ ही जात वेगळी. त्यांची बॅटरी मोठी असते आणि ती रोज भिंतीतल्या विजेवर भरायची असते. न भरता चालवली, तर सव्वादोन टनांच्या पुढची गाडी नुसत्या पेट्रोलवर ओढत बसावं लागतं.

जाहिरातीतला मायलेजचा आकडा भरलेल्या बॅटरीची चाल धरून काढलेला असतो. युरोपीय आयोगानं रस्त्यावरच्या गाड्यांच्या इंधनवापराची माहिती गोळा करून २०२४ मध्ये अहवाल दिला. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचं प्रत्यक्षातलं कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट निघालं. लोक पुरेसं चार्जिंग करत नाहीत, हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: फ्लॅटच्या पार्किंगमध्ये स्वतःचा पॉइंट मिळणार नसेल, तर ही गाडी घेऊच नका. स्ट्राँग हायब्रिड घ्या, सुखी राहाल.

एक छोटी गोष्ट इथंच सांगतो. हिरवी नंबरप्लेट निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला मिळते. प्लग-इन हायब्रिडला पांढरीच. इलेक्ट्रिक गाडीच्या करसवलती हिलाही मिळतील असं धरून हिशेब केला असेल, तर तो बुकिंगच्या आधीच दुरुस्त करा. जीएसटीतही इलेक्ट्रिक गाडीला ५ टक्के आणि मोठ्या हायब्रिड एसयूव्हीला ४० टक्के एवढा फरक आहे.

रात्री चार्जिंग मध्येच बंद पडतं

लोक आधी शोरूमला फोन करतात. त्याआधी अर्थिंग तपासा. चार्जिंग सुरू करण्यापूर्वी चार्जर अर्थिंग बघतो आणि ते कच्चं वाटलं की वीज घेत नाही. साताऱ्याच्या जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा कुणीतरी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मीठ-कोळसा टाकून केलेला असतो, आणि नंतर त्याकडे कुणी फिरकलेलं नसतं. खाली मुरूम आणि कातळ. पावसाळ्यात जमीन ओली असते तोवर सगळं ठीक चालतं, एप्रिल-मे महिन्यात खड्डा सुकला की चार्जरवर लाल दिवा. गाडी तीच, चार्जर तोच, म्हणून मालक गोंधळतो.

वायरमनला मल्टिमीटर घेऊन बोलवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट दिसतील. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच दिसायला हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मात्र दोन-चार व्होल्टच्या आतच असावेत. तिथं वीस-तीस दिसले, की दोष सापडला. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून चार्जिंग सुरू झालं तर खात्रीच पटली. पण रोज पाणी ओतत बसू नका, गाडीसाठी नवीन अर्थिंग करून घ्या.

दुसरी चूक सॉकेटची. गिझरचा किंवा एसीचा १६ अँपियरचा पॉइंट समोर दिसतो, माणूस त्यातच प्लग खोचतो. गिझर दहा मिनिटं चालतो, गाडी सलग आठ-नऊ तास. १८-१९ युनिटची बॅटरी १० अँपियरवर, म्हणजे २.३ किलोवॉटनं, भरायला एवढा वेळ लागतोच. तेवढ्यात सैल सॉकेटची पितळी पट्टी तापते. सकाळी प्लग काढून पिनांजवळचं प्लास्टिक बघा. तपकिरी डाग, वितळलेली कड किंवा जळका वास असेल, तर त्या सॉकेटवर पुन्हा गाडी लावू नका. डीबीपासून (घरातल्या मुख्य स्विचबोर्डापासून) ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (जादा करंट आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि निळा इंडस्ट्रियल सॉकेट बसवा. एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको.

गावाकडे घर असेल तर व्होल्टेजही बघावं लागतं. शेतीपंप चालू झाले की दाब खाली येतो आणि चार्जर थांबतो. अशा वेळी चार्जरमध्ये करंट १० वरून ६ अँपियरवर आणा. वेळ लागेल, पण काम होईल. आणि बिलाची तयारी ठेवा. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात. रोज १५ युनिट घेतले की महिन्याला ४५० युनिट घरच्या वापरावर चढतात.

घाटातल्या चुका

साताऱ्याहून महाबळेश्वरला जाताना आपण सुमारे ६०० मीटर उंची चढतो. माणसं आणि सामान धरून अडीच टनांची गाडी नुसती तेवढी वर उचलायला चार युनिट वीज लागते, पुढं सरकण्याचा खर्च वेगळा. वाईपर्यंतच बॅटरी संपवली तर पसरणीच्या घाटात इंजिन एकटंच ओरडत चढतं आणि "पिकअप नाही" अशी तक्रार होते. हायवेवर बॅटरी राखून ठेवणारा मोड लावा आणि साठवलेली वीज घाटात, नाहीतर पुण्यात कात्रजच्या पुढच्या गर्दीत वापरा. इंजिनवर बॅटरी भरणारा मोड मात्र टाळा, त्यात पेट्रोल फुकट जातं.

उतरताना नेमकी उलटी चूक होते. महाबळेश्वरच्या हॉटेलवर बॅटरी शंभर टक्के भरून लोक सकाळी घाट उतरायला लागतात. उतारावर मोटर गाडीला रोखते आणि त्यातून वीज करून बॅटरीत भरते. भरलेल्या बॅटरीत ती वीज मावणार कुठं? मोटरचा रोध कमी होतो, सगळा भार ब्रेक पॅडवर येतो आणि खाली पोचेपर्यंत चाकांना वास सुटतो. निघताना बॅटरी पाऊणच भरलेली असू द्या.

सॉफ्टवेअर अपडेटही पुढं ढकलू नका. २०२५ मध्ये व्होल्वोला अमेरिकेत प्लग-इन हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्या रिकॉल कराव्या लागल्या. प्लग-इन गाडी 'बी' मोडमध्ये, म्हणजे मोटरचा रोध वाढवणाऱ्या मोडमध्ये, उतारावर किमान १०० सेकंद पेडलला पाय न लावता उतरली, तर ब्रेक निकामी होण्याचा धोका होता. इलाज सॉफ्टवेअरचा होता. आपल्याकडचे उतार कितीतरी लांब आहेत, म्हणून कंपनीकडून आलेला असा निरोप त्याच आठवड्यात मार्गी लावा.

ज्याला लोक बिघाड समजतात

पावसाळ्यात यवतेश्वरच्या घाटात काच धुरकटते, आपण गरम हवा लावतो आणि इंजिन सुरू होतं. काही गाड्यांत ती गरमी इंजिनाकडूनच येते, त्यामुळे हा दोष नाही. ॲक्सिलरेटर जोरात दाबला किंवा बरेच दिवस इंजिन फिरलंच नाही, तरीही ते स्वतःहून सुरू होतं.

हायवेवरच्या फास्ट चार्जरची जाड डीसी गन बहुतेक प्लग-इन गाड्यांना बसतच नाही. त्या भरवशावर निघू नका.

पेट्रोल भरताना झाकण लगेच उघडत नाही, कारण अनेक मॉडेलची टाकी हवाबंद असते. आतलं बटण दाबा, दाब उतरायला थोडा वेळ द्या. पंपावरच्या मुलाला झाकण ओढू देऊ नका. महिनोन्‌महिने विजेवरच चालवत असाल तर टाकी गच्च भरू नका. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ओलावा धरतं. अधूनमधून लांबचा फेरा पेट्रोलवर मारा.

आणि गाडी "मेली" असं वाटलं, तर आधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी बघा. मोठी बॅटरी भरलेली असली तरी छोटी उतरली की दारसुद्धा उघडत नाही. किल्लीतली लोखंडी चावी कुठं आहे आणि ती दाराला कुठं लागते, हे आजच बघून ठेवा.

जुनी घेताना

पूर्ण चार्ज करून, बॅटरी संपेपर्यंत स्वतः चालवून बघा. गाडी सांगली-मिरज किंवा कोल्हापूरकडची असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुरात ती कुठं उभी होती, हे विचारा आणि विम्याच्या क्लेमचे कागद मागा. मग लिफ्टवर घेऊन मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या नारंगी केबलचे कनेक्टर टॉर्च मारून बघा, हात लावू नका. सांध्यात गाळाचा वाळलेला थर किंवा हिरवट गंज दिसला, तर इसार देऊ नका.