घरी चीज टेस्टिंग करणार असाल तर कडक भाकरी आणि करदंट आणून ठेवा

चीज टेस्टिंग म्हटलं की लोकांना वाटतं लाकडी पाट पाहिजे, वाइन पाहिजे, ऑलिव्ह पाहिजेत. काही नको ओ. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या भाड्याच्या घरात आठ जण, दोन चटया आणि जेवायची स्टीलची ताटं एवढ्यावर झालंय. पण पहिल्या खेपेला मी जो घोळ घातला तो आधी सांगतो, तुमचे पैसे तरी वाचतील.

फ्रिजमधनं काढलं, कापलं, तसंच थंडगार वाढलं, आणि वर शहाणपणा म्हणजे सगळ्यात आधी ब्लू चीज (निळी बुरशी वाढवलेलं, उग्र) दिलं, का तर महाग होतं आणि मिरवायचं होतं. थंड चीजला वासच येत नाही, आणि ब्लूनंतर जीभ अशी बधिर झाली की पुढचे चारही प्रकार सगळ्यांना एकच लागले. एक मित्र म्हणाला, मेणबत्ती खाल्ल्यासारखं वाटालंय.

तर आठ जणांना पाच प्रकार बास. प्रत्येक प्रकार 150 ते 200 ग्रॅम आणायचा, म्हणजे एकेका प्रकाराचं माणशी 20 ग्रॅमच्या आसपास येतं, आणि चीजनं पोट लवकर भरतं त्यामुळं जास्तीचा मोह नको. क्यूब आणि स्लाइस म्हणजे प्रोसेस्ड, तयार चीज वितळवून त्यात इमल्सिफायिंग सॉल्ट (चरबी आणि पाणी वेगळं होऊ न देणारे क्षार) घालून परत घट्ट केलेलं. टोस्टला झकास, इथं उपयोगाचं नाही. तरी मी एक क्यूब मुद्दाम सुरुवातीला सगळ्यांना वाटतो, आपल्या तोंडात चीजची जी चव बसलीय ती हीच, मग पुढचा फरक लगेच कळतो.

गौडा, चेडार आता बेळगावात मोठ्या सुपरमार्केटात मिळतंय. ब्री किंवा ब्लू मिळालं नाही तर गोव्याला कोण जाणार असेल त्याला पणजीतनं आणायला सांगा, फक्त चोर्ला घाटातनं येताना थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून आणायचं. शाकाहारी लोक असतील (आमच्या ग्रुपात लिंगायत आणि जैन मित्र आहेत) तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या. असल्या चीजसाठी दूध विरजून घट्ट करायला रेनेट लागतं, ते पूर्वापार वासराच्या पोटातनं काढतात, आणि अस्सल पार्मिजानो रेजानो या इटालियन चीजला तर नियमानंच तसलं रेनेट लागतं. आपल्याकडं बनणाऱ्या बऱ्याच चीजमध्ये मायक्रोबियल (सूक्ष्मजीवांपासनं बनवलेलं) रेनेट असतं, त्याला हरकत नाही.

पाचातला पहिला प्रकार विकत आणूच नका. सकाळी म्हशीचं दूध लिंबू पिळून फोडा, फडक्यात बांधा, चिमूटभर मीठ घाला, झालं ताजं चीज. त्यानंतर ब्री, मग गौडा, मग चेडार, शेवटी ब्लू, सौम्यापासनं उग्राकडं. ब्रीवरचं पांढरं कातडं खायचं असतं, ती मुद्दाम वाढवलेली बुरशी. गौड्यावरचं मेण मात्र काढायचं, एकानं चावत बसून शेवटी विचारलं हे विरघळत का नाही. ब्लूचं पाकीट उघडलं तेव्हा आई आतनं ओरडली, "अरे बुरशी आलीय की त्याला, टाक की!" कोण गरोदर असेल तर तिला ब्री आणि ब्लू देऊ नका.

खायच्या पाऊण तास आधी बाहेर काढा. एप्रिल-मेमध्ये अर्धा तास पुरतो, नाहीतर ब्री ताटात पसरतं. वर पातेलं पालथं घाला, माश्या आणि वारं दोन्ही लागत नाही. खाताना तुकडा मोडून आधी वास घ्यायचा, मग जिभेनं टाळूला दाबायचा आणि नाकानं श्वास सोडायचा, अर्धी चव तिथंच कळते. मध्ये तोंड साफ करायला साधे चुरमुरे आणि कोमट पाणी.

आता सोबतीचं, खरी मजा यात आहे. क्रॅकरवर पैसे घालवू नका, ज्वारीची कडक भाकरी मोडून ठेवा, चेडार तिच्यावर जेवढं छान लागतं तेवढं कुठल्याच बिस्किटावर नाही. बाहेरचे लोक चीजबरोबर सुकं अंजीर आणि बदाम ठेवतात, आपल्या गोकाकच्या करदंटात सुका मेवा, डिंक आणि गूळ आधीच एकत्र आहे, बारीक काप करून गौड्याशेजारी ठेवा. ताज्या चीजवर संकेश्वरी मिरचीचा ठेचा, अगदी नखभर. आणि ब्लूवर काकवीचे दोन थेंब. खारट, उग्र आणि गोड असं एकदम आलं की ब्लूला नाक मुरडणारेसुद्धा परत मागतात. कुंदा, म्हणजे आपली दुधाची मिठाई, मात्र ठेवू नका, मी ठेवलेला, दुधावर दूध, चौथ्या घासाला सगळे आडवे. प्यायला बिनदुधाचा गरम चहा नाहीतर कोकम सरबत, वाइनवाले आपली आणतील.

ब्लूची सुरी वेगळी ठेवा, नाहीतर सगळ्याला तोच वास.

उरलेलं बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा, चेडार-गौडा दुसऱ्या दिवशी थालीपिठावर किसून घाला. ब्लूला घट्ट झाकणाचा स्वतंत्र डबा पाहिजे. आमच्यात एकदा झाकण नीट लागलं नव्हतं, सकाळी चहाच्या दुधाला तो वास, आणि त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.