गिटारचा घुमणारा आवाज कसा आवरला

खोलीत छान वाजणारी गिटार रेकॉर्डिंगमध्ये मात्र माठात बसून वाजवल्यासारखी येत होती. इक्यूमध्ये (आवाजातले जाड-बारीक भाग कमी-जास्त करायच्या साधनात) बास, म्हणजे खर्जाचा भाग, कापला तर घुमणं कमी झालं, पण गिटारचा जीवही गेला. खरी गोम माइकच्या जागेत होती. माइक साउंडहोलसमोर, म्हणजे गिटारच्या पोटावरच्या गोल भोकासमोर, असला की पोकळीतल्या हवेचा साधारण १०० हर्ट्‌झचा घुमारा थेट आत शिरतो. त्यातून कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा) माइक जितका जवळ, तितका बास जास्त.

माइक बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरची आडवी पट्टी), वीत-दीड वीत अंतरावर आणला आणि तोंड किंचित साउंडहोलकडे वळवलं. तेवढ्यानंच तारांची चमक आली. बारावा फ्रेट हे काही वेदवाक्य नाही. कुणाला तरी वाजवायला बसवून, हेडफोन लावून, माइक दोन-दोन बोटं सरकवत ऐकावं. सहाव्या मोकळ्या तारेचा सूर ८२ हर्ट्‌झचा, म्हणून ८० च्या खालचा आवाज कापणारा लो-कट बिनधास्त लावला. रस्त्यावरची घरघर बरीच कमी झाली.

पंखा बंद, पाठीमागच्या भिंतीला गादी उभी. एप्रिलात हे जरा अघोरीच!

दुसरा माइकही लावून पाहिला, पण मोनोत, म्हणजे दोन्ही माइकांचा आवाज एकत्र करून, ऐकल्यावर फेजमुळे (दोन्हीकडच्या लहरी एकमेकींना खोडत असल्यानं) आवाज पोकळ झाला. गाण्याच्या साथीला एकच पुरतो.