पन्नी, धोतर अन् हातमोजे: बॉक्स जेलीफिशचं मॉडेल कसं बनवायचं

गेल्या वर्षी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेच्या पोट्ट्यांनी जेलीफिश नेला होता, थर्माकोलचा, निळा रंग मारलेला, खाली लोकर लटकवलेली, दिसायला एकदम झकास. परीक्षक आले अन् एकच प्रश्न विचारला, याला दिसतं का? पोट्टा म्हणे, "नाही सर, जेलीफिशले डोळे कुठून येतील." अन् त्याच्या डोक्यामागच्या तक्त्यावर आम्हीच मोठ्या अक्षरात लिहिलेलं, डोळे २४. नंबर गेला. चूक पोराची नव्हती, माझी होती, तक्ता बॉक्स जेलीफिशचा अन् मॉडेल भलत्याचंच.

यंदा बसून नीट वाचलं, दोन मॉडेलं फसली, तिसरं जमलं. ते कसं बनवायचं ते लिहून ठेवतो, कारण आपल्याकडून समुद्र सात-आठशे किलोमीटर, पोरांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे धरण, मग हातात धरता येईल असं काही नसलं तर दहावीच्या पुस्तकातली 'दंशपेशी' नुसती पाठच होते.

आधी ठरवा कोणता बनवायचा. बॉक्स जेलीफिशच्या पन्नासेक जाती आहेत, आपण घेऊ कायरोनेक्स फ्लेकेराय, उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा, सगळ्यात जहाल समजला जाणारा. जानेवारी १९५५ मध्ये क्वीन्सलंडमधल्या कार्डवेलला पाच वर्षांचं पोरगं उथळ पाण्यात दंश होऊन गेलं, तेव्हा केर्न्सचे डॉक्टर ह्यूगो फ्लेकर यांनी तिथल्या पाण्यात जाळं फिरवायला लावलं, त्यात एक अनोळखी चौकोनी जेलीफिश सापडला, अन् १९५६ मध्ये रोनाल्ड साउथकॉट यांनी त्याला फ्लेकरांचंच नाव दिलं. पहिला शब्द जोडशब्द आहे, ग्रीकमधला हात अन् लॅटिनमधला खून. हात काहून, तर घंटीच्या, म्हणजे वरच्या डब्यासारख्या अंगाच्या, चार कोपऱ्यांतून पंजासारखे चार जाडसर भाग निघतात अन् त्या पंजांना शुंडके, म्हणजे डंख मारणाऱ्या लांब फिती, एका पंजाला पंधरापर्यंत.

इथेच हातमोजे कामी येतात. मेडिकलमधून डिस्पोजेबल हातमोज्यांच्या तीन जोड्या आणा, दोन मॉडेलला, एक प्रयोगाला. घरात फवारणीचे मोजे पडलेले असतील तर ते चुकूनही घेऊ नका, धुतलेले असले तरी नाही, पुढे त्यात तोंडाने फुंकायचं आहे.

घंटीसाठी जाड तारेचा एक फुटाचा चौकोनी सांगाडा करा, ३० सेंटीमीटरपर्यंत हा प्राणी खराच वाढतो, म्हणजे मॉडेल लाइफ साइज झालं. वरचे कोपरे थोडे गोल दाबा. त्यावर नव्या ब्लँकेटसोबत येते तशी पारदर्शक पन्नी ताणून चिकटवा. रंग मारू नका बाप्पा! पाण्यात हा जवळपास दिसतच नाही, पोहणाऱ्याला कळतं ते दंश झाल्यावरच. खालच्या तोंडाला चारी बाजूंनी तीन बोटं रुंदीची पन्नीची झालर आतल्या बाजूला वळवा, ही विसरायची नाही. साधा जेलीफिश बराचसा लाटेसोबत वाहतो, हा मात्र स्वतः दिशा धरून पोहतो अन् त्यात या झालरीचा मोठा हात आहे, पाणी देताना पाइपाच्या तोंडावर अंगठा धरला की धार कशी लांब जाते, तसंच घंटी आवळली की अरुंद तोंडातून पाणी जोरात मागे अन् गडी पुढे.

आता शुंडके. लोकर नको, लोकर गोल असते अन् याचे शुंडके चपटे, फितीसारखे. आम्ही आबाजींचं जुनं पांढरं धोतर घेतलं, काठाला कात्रीने एक-एक सेंटीमीटरवर काप दिला अन् लांबीत फाडत गेलो. जुनं सूत टर्रकन सरळ फाटतं, शेवटपर्यंत पट्टी एकसारखी निघते, फक्त धाग्यांचा कचरा सगळ्या व्हरांड्यात होतो. अर्ध्या धोतरातच साठ पट्ट्या निघाल्या. हातमोज्याच्या एका बोटाला तीन पट्ट्या, पाच बोटांना पंधरा, चार पंजे मिळून साठ, परीक्षक म्हणाले मोजून दाखव तर पोरगं मोजून दाखवू शकतं. पट्ट्या तीन मीटर ठेवा, शिकार करताना शुंडके तेवढे लांबतात. पण तीन पंजांच्या पट्ट्या गुंडाळून आखूड बांधा अन् एकाच पंजाच्या पूर्ण सोडा, कारण जोरात पोहताना हा शुंडके आखडून घेतो. दोन्ही अवस्था एकाच मॉडेलवर दिसतात.

डोळ्यांत मात्र घाई करू नका. कोपऱ्यांवर पंजे, डोळे मात्र चार सपाट बाजूंच्या मध्यावर, थोडे खालच्या अंगाला. तिथे एकेक कोनाडा असतो, त्यात देठाला लटकलेली गाठ अन् एका गाठीवर सहा डोळे. सहापैकी दोघांना चक्क भिंग असतं, बाकी चार साधे, दोन खळग्यासारखे, दोन चिरेसारखे. भिंगवाल्यांना साबुदाणा, बाकीच्यांना मोहरी, फेविकॉलने चिकटवा. गाठ कशाची बनवायची? पीओपीची, अन् त्याला कारण आहे. त्या गाठीच्या तळाला ओळंब्यासारखा एक जड खडा असतो अन् तो कॅल्शियम सल्फेटचा, रासायनिकदृष्ट्या आपलं प्लास्टर ऑफ पॅरिसच! पोळ्याच्या बैलांचं उरलेलं पीओपी त्या जेलीफिशच्या डोळ्याखाली खरंच आहे हे ऐकून पोट्टे दोन मिनिटं गप्प बसले, जे आमच्या वर्गात होत नाही.

गाठ दोऱ्याने लटकवा, मग घंटी कशीही वाकडी करा, वरचं भिंग वरच बघतं. याचा उपयोग कॅरिबियनच्या खारफुटीत राहणाऱ्या बोटाच्या पेराएवढ्या ट्रायपेडालिया नावाच्या भाऊबंदात सापडलाय, तो पाण्यातून वर बघून झाडांच्या फांद्या ओळखतो अन् अन्न असलेल्या मुळांपाशी परत येतो. २०२३ मध्ये तर हा छोटू धडकांवरून शिकतो हेही दिसलं. मेंदू नाही बरं, नुसतं मज्जातंतूंचं कडं अन् या चार गाठी.

आता दंशपेशीचा प्रयोग. पोरांना वाटतं जेलीफिश इंगळीसारखा मुद्दाम डंख मारतो. तसं नाही. पिकलेल्या तेरड्याच्या बोंडाला बोट लावलं की कसं फटकन फुटतं? दंशपेशी तशीच, आधीच ताणून ठेवलेली. पेशीत एक डबी, डबीत उलटी गुंडाळलेली पोकळ नळी, शर्टाची बाही आत ओढून ठेवल्यासारखी. स्पर्श अन् कातडीवरची काही रसायनं एकत्र मिळाली की नळी उलटी होत बाहेर फेकली जाते, कातडीत घुसते अन् विष सोडते. तिसऱ्या जोडीतला मोजा घ्या, एका बोटाला बाहेरून मार्करने काटे काढा, बोट आत ढकला, मोजाचं तोंड मुठीत गच्च धरून जोरात फुंका. बोट फट्ट करून बाहेर येतं अन्, हे बोलून दाखवायला लावा, बाहेर आलेल्या नळीची कोणती बाजू वर आहे. गोड्या पाण्यातल्या हायड्रामध्ये हे मोजलंय, डबीतला दाब सुमारे १५० बार, बाईकच्या चाकात आपण ३० पीएसआय भरतो त्या हिशोबाने २१०० पीएसआयच्या वर, अन् नळीचे पहिले काटे सुटायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून कमी वेळ. कायरोनेक्सच्या अंगावर अशा लाखो डब्या.

यातूनच प्रथमोपचार समजतो, म्हणून तो तक्त्यावर वेगळा न लिहिता पोराला इथेच बोलू द्या. उंदराचा चाप मेलेल्या उंदरावरही लागतो ना, तसा तुटून कातडीला चिकटलेला शुंडकाही डंख मारतो. म्हणून चोळायचं नाही, वाळू घासायची नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, लघवी-दारू असले उद्योग तर नाहीच. कायरोनेक्सच्या दंशावर व्हिनेगर, चायनीजच्या गाडीवर असतं तेच, ४ ते ६ टक्के ॲसिडवालं, कमीत कमी ३० सेकंद. त्याने न फुटलेल्या डब्या बंद पडतात, पण आत गेलेलं विष काही बाहेर येत नाही, अन् ते विष पेशींना भोकं पाडतं, हृदयावर जातं, मोठ्या दंशात दोन ते पाच मिनिटांत माणूस जाऊ शकतो. म्हणून श्वास थांबला तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून अन् तोंडाने श्वास देणं, आधी, बाकी मागून. प्रतिविष १९७० पासून आहे, मेंढ्यांच्या रक्तापासून बनवलेलं. अन् ऑस्ट्रेलियातले जीवरक्षक पूर्वी चक्क बायकांचे पातळ नायलॉनचे पायमोजे अंगावर चढवून पाण्यात उतरायचे, तेवढ्या झिरझिरीत कापडानेही दंश टळायचा.

सहलीला गोवा-कोकणात गेले अन् पावसाळ्यात किनाऱ्यावर निळा फुगा दिसला तर तो वेगळा, ब्लू बॉटल, खरं तर जेलीफिशही नाही. त्याला हात लावू नका, अन् लागलाच तर ऑस्ट्रेलियात व्हिनेगर नाही, सोसवेल इतकं गरम पाणी, साधारण ४५ अंश, सांगतात.

जीवनचक्राला चार चित्रं पुरे. मोठे झालेले उन्हाळ्याच्या शेवटी नदीच्या मुखाशी अंडी-शुक्राणू सोडून मरतात, पिल्लू खाडीतल्या दगडाच्या खालच्या बाजूला पॉलिप, म्हणजे एका जागी राहणारं बारीक रूप, होऊन चिकटतं. साध्या जेलीफिशचा पॉलिप ताटल्यांच्या चवडीसारखा कापला जाऊन अनेक पिल्लं देतो, इथे मात्र एक अख्खा पॉलिप एकच जेलीफिश होतो, सुरवंटाचं फुलपाखरू व्हावं तसा. हा फरक विचारतात, पाठ नको, समजून घ्या.

एसटीतून नेताना घंटी मांडीवर, पट्ट्या पंजानिहाय वेगळ्या गुंडाळून चार रबर लावा, आमच्या सगळ्या साठ एकदा एकमेकांत अडकल्या अन् अर्धा तास गुंता सोडवण्यात गेला. साबुदाणे थोडे जास्तीचे खिशात ठेवा, रस्त्यात दोन तरी डोळे पडतातच.