मधल्या वर्षांचा पीपीपी काढताना या चुका टाळा

पीपीपी (क्रयशक्ती समता) प्रत्यक्ष मोजला जातो तो काही वर्षांनी एकदाच; मधल्या वर्षांसाठी जुना आकडा डिफ्लेटरने, म्हणजे जीडीपीच्या किंमत निर्देशांकाने, पुढे ओढायचा. त्यात भारताच्या डिफ्लेटरने गुणायचं, पण अमेरिकेच्या डिफ्लेटरने भागायचं विसरायचं, ही चूक अजूनही माझ्या टेबलावर येते. पीपीपी म्हणजे दोन देशांच्या किमतींचं गुणोत्तर. डॉलरही महाग होतोच की. मी एक्सेल उघडण्याआधी कागदावर लिहितो: जुना पीपीपी, गुणिले भारताची भाववाढ, भागिले अमेरिकेची. नव्या मुलांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. वाटू दे.

त्याहून वाईट म्हणजे पुढे ओढलेल्या आकड्याला मोजमाप समजणं. यात मी स्वतः पोळलोय. २००५ च्या आयसीपी फेरीत, म्हणजे देशोदेशीच्या किमती मोजणाऱ्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमात, डॉलरला १४.६७ रुपये आले. डिफ्लेटरने ओढत नेलं की २०११ साठी एकोणीस-वीसच्या घरात जायचं, आणि आमच्या तक्त्यांत ते बिनधास्त छापलेलं. २०१४ मध्ये २०११ चे प्रत्यक्ष निकाल आले: १५.११! दोन दिवस मी शीटमध्ये चूक शोधत बसलो, टायपिंग करणाऱ्या मुलावर उगाच डाफरलो. शीट बरोबरच होती. डिफ्लेटर देशातल्या सगळ्या उत्पादनाच्या किमती धरतो, निर्यातीच्यासुद्धा. आयसीपी मोजते देशांत तुलना होईल अशा वस्तूंची टोपली. शिवाय फेऱ्यांची पद्धतही बदलली होती: २००५ मध्ये जगातले प्रदेश एकमेकांना १८ देशांमार्फत जोडले होते, २०११ मध्ये सगळ्यांसाठी सामाईक वस्तूंची यादी होती. तेव्हापासून ओढलेल्या आकड्याचा रकाना मी पिवळा करतो. तो पिवळा कुणी पुसला की माझं डोकं फिरतं.

जीडीपीच्या पीपीपीला सीपीआय (ग्राहक किंमत निर्देशांक) लावू नका. २०१२ पायाच्या सीपीआयमध्ये खाद्यपदार्थ आणि पेयांचंच वजन ४५.८६ टक्के, कांदा महागला की तुमचा अख्खा जीडीपी रडणार. घरगुती उपभोगाचा पीपीपी असेल तर चालेल.

भारताचं वर्ष एप्रिल ते मार्च, आयसीपीचं जानेवारी ते डिसेंबर. तिमाही आकडे घ्या.

घानाने २००७ मध्ये चलनातले चार शून्य उडवले, झांबियाने २०१३ मध्ये तीन. जुनी मालिका जोडताना शून्यं मोजा.

आणि फाइलच्या नावात डाउनलोडची तारीख टाका. २०१७ च्या फेरीचे निकाल आले तेव्हा २०११ चा आकडाही सुधारून १५.५५ झाला. तरी परवाच एकाने २०१७ च्या २०.६५ शेजारी जुना १५.११ लावून सहा वर्षांची वाढ काढून दिली, तीही दोन दशांश स्थळांपर्यंत.