सहा अडॅप्टरांऐवजी एकच पॉवर सप्लाय

नेटवर्किंग लॅबच्या टेबलावर चार राउटर, दोन छोटे नेटवर्क स्विच आणि त्यांचे सहा जाडजूड अडॅप्टर. एक्स्टेन्शन बोर्ड तिथेच भरतो. त्यावर हा उपाय:

१. लेबल वाचून फक्त १२ व्होल्टची उपकरणं वेगळी काढा. ५ किंवा ९ व्होल्टवाली त्यांच्याच अडॅप्टरवर राहू द्या.

२. अँपिअरची बेरीज करून वर पाव भाग धरा. दीड-दीडचे चार राउटर नि एक-एकचे दोन स्विच म्हणजे ८. तेव्हा १० अँपिअरचा, १२० वॅटचा एसएमपीएस (२३० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करून देणारा पॉवर सप्लाय) घ्या. सीसीटीव्हीवाल्यांकडे मिळणारा बंद डब्यातला उत्तम, २३० व्होल्टची टर्मिनलं उघडी राहत नाहीत.

३. सप्लायकडून उपकरणाकडे जाणाऱ्या प्रत्येक वायरीला वेगळा फ्यूज हवाच. नाहीतर एका राउटरच्या शॉर्टपायी सगळी लॅब बसते.

४. वायरीच्या टोकाची, उपकरणात जाणारी पिन नीट बघा. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटरच्या, पण आतलं भोक २.१ किंवा २.५. मोठ्या भोकाची पिन छोट्या सॉकेटात जाते खरी, पण ढिली बसते. राउटर मधूनच रीस्टार्ट होतो आणि आपण उगाच कॉन्फिगरेशन चाळत बसतो.

सावधान: पिन लावण्याआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासा. बहुतेकांचा प्लस मध्यभागी असतो, सगळ्यांचा नाही.