वृद्धाश्रमातल्या छळाबद्दल तोंड उघडण्याआधी: तक्रार कशी करावी, पोच कशी घ्यावी

वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बाईने छळाची तक्रार केली, तर ‘तू तक्रार केलीस म्हणून’ असं कुणी सांगत नाही. सलग नाइट लागतात, पगार लांबतो, नाहीतर एखाद्या आजीच्या हरवलेल्या अंगठीचा आळ येतो. म्हणून तक्रार आधी झाली आणि त्रास नंतर सुरू झाला, हे तारखेनिशी दाखवता आलं पाहिजे. पुढची सगळी खटपट त्यासाठीच.

सुरुवात स्वतःच्या वहीपासून करा. संस्थेच्या रिपोर्ट बुकावर विसंबू नका, ते त्यांच्याच कपाटात राहतं. तारीख, वेळ, खोली, हजर कोण होतं, कोण काय बोललं, तेवढंच त्याच दिवशी लिहा. ड्युटी चार्टचा फोटो, पगार जमा झाल्याचे मेसेज जपा. धमकीचे मेसेज ज्या फोनवर आले तो फोन विकू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर शंका घेतात. आजी-आजोबांचे जखमांचे फोटो मात्र ग्रुपवर टाकू नका. त्यांचीही अब्रू आहे, आणि व्यवस्थापनाला तुमच्यावर उलटायला आयतं कारण मिळतं.

मग लेखी अर्ज, दोन प्रतींत. विशेषणं नकोत, ‘अमुक तारखेला रात्री अमुक खोलीत मी हे पाहिलं’ एवढं पुरतं. शेवटी लिहा: या तक्रारीमुळे माझ्या ड्युटीत वा पगारात बदल करू नये. दुसऱ्या प्रतीवर सही, शिक्का, तारीख घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. पावती आणि पोहोचल्याच्या नोंदीची प्रिंट म्हणजेच तुमची पोच.

लैंगिक छळ असेल तर 2013 चा कायदा बाईच्या बाजूने बराच भक्कम आहे, ब्युरोमार्फत, म्हणजे कामाला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, आलेल्या केअरटेकरलाही तो लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच. कर्मचारी कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. नाशिकमध्ये जिल्हाधिकारी किंवा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. मुदत शेवटच्या घटनेपासून 3 महिने, सबळ कारण असेल तर आणखी 3. चौकशी सुरू असताना बदली किंवा 3 महिन्यांपर्यंत रजा मागता येते. पुरावा कमी पडला एवढ्यावरून तक्रार खोटी ठरवता येत नाही.

वृद्धांना मारहाण होत असेल तर आधी 112, सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567. ट्रस्टचा वृद्धाश्रम असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या नाशिक कार्यालयातही अर्ज द्या. आणि आजोबांच्या मुलाला, मुलीला कळवा. ते पैसे भरतात, त्यांचं ऐकलं जातं. हे मला रुचत नाही, पण आहे असंच.

सूड सुरू झालाच तर? गैरव्यवहार उघड करणाऱ्यांसाठीचा 2014 चा कायदा सरकारी कारभारापुरता आहे, खासगी वृद्धाश्रमात त्याचा आधार नाही. पगार अडवला, कामावरून काढलं, तर कामगार उपायुक्तांकडे लगेच अर्ज करा, मुदतींचा घोळ नको. तुमचं प्रकरण कोणत्या कायद्यात बसतं ते नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे वकील मोफत मिळतो. फोन 15100.

पेठ-सुरगाण्याहून येऊन आश्रमातच राहणाऱ्या मुलींची नोकरी गेली की छप्परही जातं. त्यांनी अर्ज देण्याआधीच आधार कार्ड, पासबुक, मूळ सर्टिफिकेटं बाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवावीत. कोऱ्या कागदावर सही करायची नाही, ‘स्वखुशीने राजीनामा’ तर नाहीच. दबावाखाली सही झालीच, तर त्याच दिवशी ‘माझ्याकडून जबरदस्तीने सही घेतली’ असं लिहून संस्थेला आणि कामगार कार्यालयाला स्पीड पोस्ट करा.