कायोटीच्या शिकारीसाठी काडतूस निवडताना : हिवाळ्याआधीची तयारी

उत्तर अमेरिकेच्या माळरानांवर आणि रानांत आढळणारा कायोटी हा आपल्याकडील कोल्ह्याचा जवळचा नातलग असून, काडतुसाचा विचार करण्याआधी या प्राण्याचे खरे आकारमान मनात पक्के करणे, ही यादीतील पहिली नोंद समजावी. पश्चिमेकडील प्रौढ कायोटीचे वजन बहुधा १० ते १६ किलोंच्या दरम्यान असते. पूर्वेकडील राज्यांत मात्र लांडग्याच्या रक्ताची भेसळ झालेली असल्याने तो अंगाने थोराड होतो आणि २० किलोंपर्यंतही भरतो. हिवाळी लोकर अंगावर आली की तो प्रत्यक्षाहून बराच मोठा दिसतो आणि नवखा माणूस येथेच फसतो. त्या लोकरीखालचे हृदय आणि फुप्फुसे यांचे क्षेत्र जेमतेम चार ते पाच इंच रुंदीचे, म्हणजे पसरलेल्या तळहाताएवढे असते. गोळी त्या तळहातात बसली पाहिजे आणि प्राणी जागीच संपला पाहिजे. काडतुसाची सगळी निवड या एका अटीवरून करावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरी नोंद कागदपत्रांची आहे, आणि अमेरिकेत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांनी ती विशेष काळजीने वाचावी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे येथील सर्व विवेचन अमेरिकेपुरतेच आहे. तेथेही प्रत्येक राज्याचा नियम निराळा : वायोमिंगमध्ये कायोटीची गणना उपद्रवी भक्षक प्राण्यांत होते आणि त्याच्या शिकारीला वर्षभर मुभा असते, तर शेजारच्या कोलोरॅडोत परवाना लागतोच. मात्र एच-वन-बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास केंद्रीय कायद्याची सर्वसाधारण मनाई आहे, आणि या मनाईतून सुटण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणून ज्या राज्यात कायोटीसाठी परवान्याची गरज नाही, तेथेही अशा व्यक्तीने तो आधी काढावा, खिशात ठेवावा आणि मगच मित्राची रायफलसुद्धा हातात घ्यावी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून बंदुकीने होणाऱ्या सर्व शिकारीसाठी शिसेविरहित गोळी सक्तीची आहे, हेही दुकानात जाण्यापूर्वी ध्यानात असावे. शिवाय ॲरिझोना व न्यू मेक्सिकोमधील मेक्सिकन लांडगा आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागातील लाल लांडगा हे दोन्ही कायद्याने संरक्षित असून, दुरून पाहता कायोटीसारखेच दिसतात. त्या टापूत जाणाऱ्याने कान, थूथन आणि पाय यांवरून फरक ओळखण्याचा सराव आधी करावा आणि ओळख पटत नसेल तर बोट घोड्यावर नेऊ नये.

यानंतर काडतुसांचे तक्ते उघडण्याऐवजी ज्या जमिनीवर बसायचे आहे ती जमीन पाहून यावी. लेझरचे अंतरमापक हाती घेऊन कुंपण, ओढ्याचा काठ, झुडपांची रांग अशा ठळक खुणांपर्यंतची अंतरे मोजावीत आणि वहीत टिपावीत. पेनसिल्व्हेनियातील दाट रानात १०० यार्डांपलीकडचे काही दिसतच नाही. वायोमिंगच्या सेजब्रशच्या (बुटक्या झुडपांच्या) माळावर मात्र ३०० यार्डांवर उभा असलेला प्राणी स्पष्ट दिसतो आणि मोह घालतो. जखमी सशाच्या आवाजाची हाक देऊन केलेल्या शिकारीत कायोटी बहुतेक वेळा १५० यार्डांच्या आत येतो आणि गंध घेण्यासाठी वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो. स्वतःच्या वहीतील बहुतेक अंतरे २०० यार्डांच्या आत असतील, तर तुफान वेगाच्या काडतुसासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

चौथी नोंद हातात असलेल्या रायफलीची, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. नळीच्या आत कोरलेल्या सर्पिल खाचा गोळीला स्वतःभोवती फिरवतात. किती इंचांत एक फेरा पूर्ण होतो, तो त्या नळीचा पीळ. १२ इंचांत एक फेरा देणारी .२२३ या काडतुसाची नळी साधारण ५५ ग्रेनपर्यंतची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी नीट स्थिर ठेवते. ९ इंची पीळ ७० ग्रेनच्या आसपासपर्यंत चालतो आणि ८ किंवा ७ इंची पीळ त्याहून लांब, जड गोळ्यांनाही पुरतो. पहिल्या वर्षी मी हे न पाहता १२ इंची पिळाच्या जुन्या रायफलीसाठी ७५ ग्रेनची काडतुसे आणली, आणि कागदावर गोल भोकांऐवजी लांबट चिरा उमटल्या, कारण गोळ्या आडव्या होऊन लागत होत्या. म्हणून नळीवर कोरलेला आकडा वाचावा, आणि तो नसेल तर सफाईच्या गजाला खूण करून घट्ट कापड नळीतून ओढताना गज किती इंचांत एक फेरा घेतो, हे मोजावे. त्याच वेळी नळीवरचे काडतुसाचे नावही वाचावे. फक्त .२२३ रेमिंग्टन लिहिलेल्या रायफलीत ५.५६ ची लष्करी काडतुसे वापरू नयेत, कारण चेंबरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेची, रचना वेगळी असल्याने दाब वाढू शकतो, आणि .३०० ब्लॅकआउटची काडतुसे .२२३ च्या पिशवीत कधीही मिसळू देऊ नयेत, कारण ती चुकून त्या चेंबरमध्ये बसली आणि उडाली तर नळी फुटते.

आता प्रत्यक्ष निवड. ज्याला एकच काडतूस घ्यायचे आहे त्याने .२२३ रेमिंग्टन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६४ साली व्यापारी स्वरूपात आलेले हे काडतूस ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमहून किंचित जड गोळी सुमारे ३२४० फूट प्रति सेकंद वेगाने सोडते. २०० यार्डांवर नेम बसवला, म्हणजे गोळी तेथे अचूक लागेल अशी रायफलीवरची दुर्बीण (स्कोप) जुळवली, तर १०० यार्डांवर ती दीड इंचभर वर आणि ३०० यार्डांवर साधारण सात इंच खाली लागते, म्हणजे जवळपास सर्व व्यवहार्य अंतरांवर डोक्यात फारसे गणित करावे लागत नाही. धक्का इतका कमी बसतो की गोळी लागताना स्कोपमधून स्वतःला दिसते, आणि नेम कुठे चुकला हे शिकण्यासाठी याहून चांगला शिक्षक नाही. काडतुसे तुलनेने स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी असल्याने सरावही भरपूर होतो. सरावाचे पारडे मला वेगापेक्षा नेहमीच जड वाटते.

मोकळ्या माळावर २५० ते ३५० यार्डांचे नेम वारंवार येत असतील, तर .२२-२५० रेमिंग्टनचा विचार करावा. .२५० सॅव्हेज काडतुसाच्या कवचाची मान आवळून हौशी कारागिरांनी ते घडवले, अनेक वर्षे घरगुती स्वरूपात वापरले आणि १९६५ मध्ये रेमिंग्टन कंपनीने त्याला अधिकृत रूप दिले. नावातील दुसरा आकडा त्या जुन्या कवचाची आठवण आहे. गोळीचा व्यास .२२३ इतकाच, पण ५५ ग्रेनच्या गोळीचा वेग ३६८० फुटांच्या घरात जातो. त्याची किंमत नळी मोजते : ती लवकर तापते आणि चेंबरपुढचा भाग लवकर झिजतो. अनेक जुन्या रायफलींचा पीळ १४ इंची असल्याने त्यांत ५५ ग्रेनपेक्षा जड गोळी घालू नये.

२००४ मध्ये आलेले .२०४ रुगर ३२ ग्रेनची गोळी ४२०० फुटांहून अधिक वेगाने सोडते आणि कातडे विकणाऱ्यांना ते प्रिय आहे, कारण गोळी बहुधा आतच फुटून राहते. मात्र खांद्याच्या हाडावर ती उथळच फुटण्याचा धोका ध्यानात ठेवावा. .२४३ विंचेस्टर ज्याच्याकडे हरणासाठी आधीच आहे त्याने ५८ ग्रेनची काडतुसे आणून खुशाल वापरावे, कातड्याचे नुकसान होईल एवढे जाणून. .१७ एचएमआर मात्र या कामासाठी मी सुचवणार नाही. त्याची ऊर्जा नळीच्या तोंडाशीच २४५ फूट-पाउंडांच्या आसपास असते आणि १०० यार्डांवर ती निम्म्यावर येते. सशाला ती पुरेशी आहे, कायोटी तिने जखमी होऊन पळतो आणि कुठेतरी कपारीत तळमळत मरतो.

काडतुसाइतकेच महत्त्व गोळीच्या घडणीला द्यावे. प्लास्टिकच्या टोकाची, पातळ कवचाची गोळी आत शिरताच फुटते, बाहेर पडताना मोठे छिद्र करत नाही आणि जमिनीवर आपटली तर तुकडे होऊन टणकण्याचा धोकाही कमी करते. संपूर्ण धातूच्या कवचाची सरावाची गोळी आरपार जाते आणि प्राणी मरायला वेळ लावते, म्हणून ती शिकारीच्या खिशात असू नये. तांब्याची शिसेविरहित गोळी त्याच वजनाला अधिक लांब असते, म्हणून तिला वेगवान पीळ हवा. येथे चौथ्या नोंदीतला आकडा पुन्हा काढून पाहावा. कोणतीही गोळी असली तरी मागे मातीचा उतार नसेल, प्राणी टेकडीच्या माथ्यावर आकाशाला टेकून उभा असेल, तर तो नेम सोडून द्यावा.

शेवटची तयारी मैदानावरची. दोन-तीन वेगवेगळ्या काडतुसांची एकेक पेटी आणून कोणती आपल्या नळीला मानवते ते पाहावे, आणि जी १०० यार्डांवर पाच गोळ्या इंचभरात ठेवते, तिच्याच एका लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, अनेक पेट्या घेऊन ठेवाव्यात. नेम उन्हाळ्यात बसवला असेल तर थंडीत पुन्हा तपासावा, कारण गारठ्यात काडतुसातील दारू जरा मंद जळते आणि गोळीचा वेग थोडा घटतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी २०० यार्डांवर पाच ते सहा इंच आणि ३०० यार्डांवर फूटभराहून अधिक सरकवतो, म्हणजे तळहाताएवढ्या लक्ष्याबाहेर नेतो. म्हणून वाऱ्याच्या दिवशीही मैदानावर जावे, तिपाईवरून आणि बसून नेम धरावा, आणि सलग पाच गोळ्या ज्या अंतरापर्यंत तळहातात बसतात ते अंतर स्वतःची मर्यादा म्हणून मानावे. ती मर्यादा, १००, २०० व ३०० यार्डांवरील उंची-खोलीचे इंच आणि वाऱ्याचे आकडे एका छोट्या कार्डावर शाईने लिहून, वरून पारदर्शक पट्टी लावून, कार्ड रायफलीच्या दस्त्यावर डाव्या बाजूस चिकटवावे, म्हणजे हातमोजे न काढता ते वाचता येते.